मागचा अर्धा फेरा

सकाळी कामावर निघताना धाकूने दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तो जिना उतरायला लागला, तेवढ्यात मागे टण्णकन आवाज झाला. कुलूप लादीवर पडलं होतं. त्याची बायको शेवंती आज उत्तनजवळच्या डोंगरीला बहिणीकडे जायची म्हणून त्याच्याबरोबरच निघाली होती. पिशवी सावरत तिने कुलूप उचललं, नवऱ्याकडे बघितलं आणि तिला असं काही हसू फुटलं की समोरच्या गुजराती बाईने दार किलकिलं करून "शुं थयुं, शेवंतीबेन?" विचारलं. "कुछ नही भाभी, हमारे ये कुलूप को भी टॅप मारते है," शेवंती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसायला लागली. धाकू ओशाळला. त्याने किल्ली परत लावली, फिरवली, आणि या वेळी आपल्या हाताकडे नीट लक्ष ठेवलं. किल्ली पूर्ण फिरली, खट् झालं, आणि मग हाताने, त्याला न विचारता, ती अर्धी मागे आणली. कुलूप पुन्हा उघडलं. हे किती वर्षं चाललंय, असं मनात येऊन त्याला जरा चमत्कारिकच वाटलं. आपल्याच घरात कुणी भाडेकरू राहतोय आणि आपल्याला पत्ताच नाही, तसं काहीतरी. शेवटी शेवंतीने किल्ली हातातून घेतली आणि कुलूप लावून टाकलं.

हात तसा दोषी नव्हता. त्याला शिकवलंच तसं होतं. गावाहून आलेल्या पोराला कारखान्यात पहिल्यांदा घेतलं ते हरिश्चंद्र मिस्त्रीने. मिस्त्री रायगडकडचे, बोलायला कमी, तंबाखू मळायला जास्त. लोखंडात भोक पाडणं सोपं, त्या भोकाच्या आत आटे पाडणं अवघड, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टॅप म्हणजे तरी काय, धारदार आट्यांचा एक स्क्रूच. तो हँडलमध्ये अडकवायचा, भोकात सरळ धरायचा, खोबरेलाचे दोन थेंब सोडायचे आणि फिरवायचा. पण नुसता फिरवत सुटलं की कापलेलं लोखंड आत साचतं, टॅप त्यात अडकतो, आणि टॅप पडला काचेसारखा ठिसूळ. टक् म्हणून आतच तुटतो. मग तो जॉब, म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा, तोही गेला आणि टॅपही गेला. म्हणून एक फेरा पुढे घ्यायचा आणि अर्धा मागे. मागे घेतलं की आतला बुरा तुटून मोकळा होतो. मिस्त्रींनी आपला जाड, तेलकट पंजा धाकूच्या पंजावर ठेवला होता आणि दोघांनी मिळून ते हँडल फिरवलं होतं. पुढे, मागे. पुढे, मागे. "मागं यायला लाजायचं नाय," मिस्त्री म्हणाले होते, "लाजतो त्याचा टॅप तुटतो." खोबरेलाच्या त्या वासाने धाकूला आईची आठवण झाली होती, ती बहिणीच्या केसांना तेल चोपडायची ती. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याने मान खाली घातली, आणि मिस्त्रींना वाटलं पोरगं मन लावून बघतंय.

तेव्हापासून धाकूच्या हातून टॅप तुटल्याचं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. लालबागचा तो कारखाना बंद पडला, धाकू भाईंदरला आला, नवघर रस्त्याजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ईश्वरभाईंच्या गाळ्यात लागला, तिथेही त्याचं नाव झालं ते याच गोष्टीवरून. खोल भोक असेल, तळ बंद असेल, तर ते काम धाकूभाईंच्या टेबलावर. पण हाताला लागलेली सवय हाताशीच थांबत नाही. रिक्षाच्या थांब्याकडे चालताना तो आज पहिल्यांदाच हिशेब लावत होता. काशीगावला जागा बघायला गेले, दोघांनाही पसंत पडली, गच्चीवरून डोंगर दिसत होता, धाकू हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नको म्हणाला. जुन्या कारखान्यात फोरमन व्हा म्हणाले, तेव्हा पेढे वाटून झाल्यावर नको सांगायला परत गेला. लग्नाच्या वेळी तर कहरच. संगमेश्वराकडे मुलगी बघून, पसंती सांगून तो एसटीच्या थांब्यापर्यंत पोचला होता. तिथून परत फिरला आणि सासऱ्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला, की एकदा घरी विचारून सांगतो. सासरे तोंडातलं पान थुंकायला गेले ते तिकडेच थांबले. मागच्या दाराने शेवंतीच बाहेर आली, पाण्याचा तांब्या घेऊन. "परत कशाला आलात? पाणी प्यायचं राहिलं होतं ना?" तो पाणी प्याला आणि सरळ एसटीत जाऊन बसला. लग्न झालं. म्हणजे झालं ते तिच्यामुळे झालं. तिने त्या मागच्या अर्ध्या फेऱ्याचं पाण्याच्या तांब्यात रूपांतर करून टाकलं नसतं, तर आज कुलूप पडल्यावर हसायला कोण होतं?

"आज काय सांगणार तुमच्या शेठला?" रिक्षात बसता बसता शेवंतीने विचारलं. प्रश्न साधा होता आणि तोच टाळत धाकू जुने हिशेब लावत आला होता. ईश्वरभाईंनी नवं मशीन आणलं होतं, संगणकावर चालणारं लेथ. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, धाकूभाई, बाहरका आदमी नही चाहिए मुझे, मशीन तुम संभालो, ममता सिखाएगी. मंगळवारी धाकू हो म्हणाला होता. बुधवारी जाऊन म्हणाला, शेठ, इस उमर में स्क्रीन वगैरे अपनेको नही जमेगा. ईश्वरभाई ओळखून होते त्याला. ते नुसतं म्हणाले, "शुक्रवारको खोल भोकवाला जॉब लगनेवाला है उसपे. वो देखो, फिर पक्का बोलो. उसके बाद मैं नही पूछूंगा." आज शुक्रवार होता. आणि धाकूला ते मशीन हवं होतं. इतकं हवं होतं की जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन तो त्याच्या काचेसमोर उभा राहायचा आणि चपाती खायची विसरायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. "बघू," तो शेवंतीला म्हणाला. "बघू म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि रिक्षा उत्तनच्या बसच्या दिशेने निघून गेली.

गाळ्यात ममता आधीच येऊन बसली होती. काशीगावची पोरगी, आयटीआय करून ईश्वरभाईंकडे लागलेली, तिशीला टेकलेली, बोलायला खणखणीत. मशीनच्या पांढऱ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, वर लिंबू-मिरची होती, आणि आतून हिरवट दुधासारखं पाणी ठिबकत होतं. धाकूला पहिल्या दिवसापासून या मशीनची एकच गोष्ट पचत नव्हती: इथे टॅप फिरतच नाही. टॅप आपला सरळ उभा, गप्प. फिरतो तो जॉब. लोखंडाचा गोल तुकडा तोंडात धरून मशीन तोच गरगर फिरवतं आणि टॅपला त्याच्यात ढकलतं. आयुष्यभर आपण टॅप फिरवत आलो आणि लोखंड शिकंज्यात गप्प बसत आलं. इथे नवरीने नवऱ्याला बघायला जावं तसा प्रकार. पण त्यात काहीतरी फार छान होतं, हेही त्याला कळत होतं, आणि का छान वाटतं ते मात्र सांगता येत नव्हतं. त्या फिरण्याकडे बघितलं की छातीत हलकं हलकं व्हायचं, लहानपणी जत्रेत पाळण्याखाली उभं राहिल्यावर व्हायचं तसं.

काम सुरू झालं आणि हलकं वाटणं बंद झालं. पहिला टॅप साधा, सरळ खाचांचा, धाकूच्या टेबलावरच असतो तसला. ममताने तो एका दमात आत पाठवला. अर्ध्यावर गेला असेल नसेल, टक्. दार उघडलं तर टॅपचं मुंडकं आतच. "खाली बुरा कोंबला हाय बघा," ममता म्हणाली. मग तिने दुसरा काढला, ईश्वरभाईंनी मुंबईच्या नागदेवी बाजारातून मुद्दाम आणलेला, ज्याच्या खाचा पिळासारख्या वळत वर जातात तो. पण एकदा हात पोळलेला. तिने धाकूकडे बघितलं. "काका, तुम्ही सांगा. तुमच्या हातून तर तुटत न्हाय कधी." धाकूला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. चांगलं छाती भरून बरं वाटलं. त्याने सांगितलं, एक फेरा पुढे, अर्धा मागे. ममताने बटणं दाबून दाबून ते मशीनला शिकवलं. मशीन पुढे गेलं, मागे आलं, पुढे गेलं, मागे आलं, अगदी धाकूसारखं. हरिश्चंद्र मिस्त्रींचा हात माझ्या हातावर, माझा हात या लोखंडाच्या भुतावर, असं धाकूच्या मनात येतंय न येतंय तोच, टक्. हा टक् आधीच्यापेक्षा वाईट होता, कारण हा त्याचा होता.

ईश्वरभाई आले आणि काचेतून बघून गेले. पिळाचा आणखी एकच टॅप उरला होता, नवा आणायचा तर मुंबईला माणूस पाठवावा लागणार. धाकू आपल्या टेबलाशी जाऊन बसला. मनात एक ओळखीचा, उबदार आवाज सुरू झाला होता. बरंच झालं. मशीनला जमत नाही म्हणजे शेठना माझा हात लागणार. आपण नको म्हणालो तेच शहाणपणाचं. जाऊन सांगून टाकू, शेठ, हे काम हातानेच व्हायचं. तो आवाज इतका सज्जन होता, इतका समजूतदार, की धाकू उठलासुद्धा. आणि उठल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हा आवाज काशीगावच्या गच्चीवरून उतरतानाचाच आहे. पेढ्यांचा रिकामा पुडा चुरगळताना होता तोच. याने आपल्याला कधी तुटू दिलं नाही. पण काही खोलवर जाऊही दिलं नाही.

"काका, हे बघा ना." ममताने तुटलेल्या टॅपच्या खाचांतून चिमट्याने बुरा काढला होता आणि तळहातावर पसरला होता. बारीक बारीक तुकडे, पाचरीसारखे. "हा पीळ कशाला दिला असंल? बुरा त्याच्यातून चढून वर यायचा म्हणून ना? आपण मधे मधे मागं येतो, त्याचे तुकडे करतो, मग तो चढंल कसा? तिथंच अडकून बसतो." धाकू म्हणाला, तसं नसतं. ममता म्हणाली, मग कसं असतं? तीस-बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्याने मिस्त्रींना विचारला नव्हता आणि स्वतःलाही. सरळ खाचांच्या टॅपला मागे यावंच लागतं, कारण त्यातला बुरा वर येत नाही. पण हा टॅप वेगळा. "हाताने बघू," तो म्हणाला. उरलेला टॅप त्याने हँडलला लावला, एक फेकायचा तुकडा शिकंज्यात बांधला, खोबरेल सोडलं आणि फिरवायला लागला. मागे यायचं नाही, त्याने हाताला बजावलं. एक फेरा. आणि हात आपला अर्धा मागे. पुन्हा. पुन्हा मागे. त्याने दात खाल्ले, कोपर अंगाशी दाबलं. फेरा संपला की मनगट लाजरी सून दाराआड सरकावी तसं हळूच मागे सरकायचं. ममता बघत होती. आधी तिने ओठ दाबले, मग तिला आवरेना. "काका, तुमचा हात न्हाय ऐकत!" आणि धाकूलाही एकदम हसू आलं, सकाळी आलं नव्हतं ते. दोघं टेबलावर हात टेकून हसत राहिले, बाजूच्या गाळ्यातल्या पॉलिशवाल्याने डोकावून बघितलं, "क्या हुआ, लॉटरी लगी क्या?"

"तू फिरव," धाकू म्हणाला. "तुझ्या हाताला काही शिकवलेलं नाही." मग ममताने हँडल धरलं, आणि धाकूने आपला तळवा तुकड्यावर ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. ती फिरवत गेली. एक, आणि आणखी एक, न थांबता. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी धाकूचं मनगट आपोआप वळायचं, रिकाम्या हवेत, आणि तिचं मात्र पुढेच जायचं. आता अडेल. आता. तळव्याखाली लोखंड कुरकुरत नव्हतं. ते गुणगुणत होतं, जाडसर, एकसुरी, मांजर पोटावर बसल्यावर येतं तसं. आणि खाचेच्या तोंडातून काहीतरी चमकलं. लोखंडाची एक अखंड वळी हळूहळू वर येत होती, सोऱ्यातून चकली यावी तशी, तुटत नव्हती, संपत नव्हती, नागमोडी होत टॅपच्या अंगावरून चढत होती. धाकूने इतकी वर्षं लोखंड कापलं, पण कापलेलं लोखंड असं सुखाने बाहेर येताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे नेहमी यायचे ते तुकडे. "थांबू?" ममताने विचारलं. "नको नको, जाऊ दे," तो म्हणाला. आपल्या तोंडून 'जाऊ दे' हे दोन शब्द इतक्या जोरात आलेले त्याने कधी ऐकले नव्हते. टॅप तळापर्यंत गेला. मग तिने एका दमात उलटा फिरवून बाहेर काढला, आणि तो अखंड होता.

मशीनमध्ये नवा तुकडा लावला तेव्हा ईश्वरभाई येऊन मागे उभे राहिले. ममताने मशीनच्या प्रोग्राममधल्या मागे येण्याच्या ओळी काढून टाकल्या, दार सरकवलं आणि बाजूला झाली. "तुम्ही दाबा, काका." हिरवं बटण. हा शेवटचा टॅप. हा तुटला तर बहुतेक सगळंच तिथे थांबणार, आणि दोष द्यायला मिस्त्रीही नाहीत. धाकूने बोट बटणावर ठेवलं. तो सज्जन आवाज आलाच, एकदा हाताने करून मग, उद्या सकाळी ताज्या डोक्याने, शेठना विचारून. त्याने त्याला शांतपणे बोलू दिलं. आणि बोलत असतानाच बटण दाबलं. जॉब फिरायला लागला, हिरवट पाणी उसळलं, टॅप आत शिरला. धाकूचं मनगट पाठीमागे वळलं ते त्याने पाहिलं, त्याला आता त्याचा राग नव्हता. म्हाताऱ्या कुत्र्याने झोपेत पाय झाडावेत तसं ते झाडत होतं. टॅप पुढेच जात होता. अर्ध्यावर, जिथे दोन्ही तुटले होते तिथे, आवाज जरा जाड झाला, ममताने दोन्ही मुठी आवळल्या, आणि टॅप त्या जागेवरून सरळ पुढे निघून गेला. तळ. क्षणभर सगळं थांबलं. मग जॉब उलटा फिरला आणि टॅप बाहेर आला, ओला, चकचकीत, अंगावर ती लांब वळी गुंडाळून. इतकंच. चहाचा एक घोट घ्यावा एवढा वेळ. त्या भोकावर धाकू सकाळ घालवायचा.

याचं वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. त्याने वाट पाहिली. मनगटातून, खांद्यातून, आयुष्याच्या त्या सगळ्या पुढे-मागे सकाळींमधून ते वाईट वाटणं वर येईल म्हणून तो उभा राहिला. वर आला तो आनंद, आणि तो इतका मोठा होता की कुठे ठेवावा ते कळेना. त्याने आटे तपासायचं गेज घेतलं, भोकात घातलं आणि दोन बोटांनी फिरवलं. ते कुठे अडलं नाही, कुठे ढिलं पडलं नाही, शेवटच्या आट्यापर्यंत लोण्यात गेल्यासारखं उतरत गेलं. आटे तर आपल्या हातचे नव्हते, मग आपल्याला एवढं का होतंय? की इतकी वर्षं आपलं प्रेम हातावर नव्हतंच, या आतल्या गोल, न दिसणाऱ्या वाटेवर होतं? भोकात डोळा घालून त्याने बघितलं. उजेड आट्यावरून आट्यावर घरंगळत तळापर्यंत गेला होता. "बघ गं," तो ममताला म्हणाला, "बघ, आत बघ." तिने बघितलं. मग ईश्वरभाईंनी चष्मा वर करून बघितलं. "एकदम सरस," ते म्हणाले. आपण रडतोय की हसतोय, हे तपासायला धाकूने गालाला हात लावला, तर हाताला खोबरेल होतं आणि गाल ओला होता, त्यामुळे काही कळलं नाही.

चहा आला. ईश्वरभाईंनी पेला हातात घेतला, घसा साफ केला आणि जरा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चलो धाकूभाई, अब बोलो. सोचसमझके बोलो, घर जाके पूछना है तो पूछके आओ, लेकिन कल सुबह मेरेको एक जवाब चाहिए, हा के ना, और उसके बाद..." ते आणखीही काही बोलत होते. पण धाकूचा चहा टेबलावर निवत होता. त्याने तयार तुकडा काढून पुसला होता, दुसरा मशीनच्या तोंडात घट्ट धरला होता, बुरा फडक्याने साफ केला होता आणि दार सरकवलं होतं, आणि ममता बटणं सांगायला पुढे येईपर्यंत हिरवं बटण दाबूनही टाकलं होतं. आत पाणी उसळलं. काचेला नाक लावून तो बघत होता.

"शेठ," ममता म्हणाली, "तुम्ही चाय पिओ. काका काम पे है."